वाळल्या फांदीचा वाद : जर्मन विधितत्त्वज्ञान आणि चांद्याचे जंगल

मराठी समीक्षेत जर्मन तत्त्वज्ञान आले ते प्रामुख्याने सौंदर्यशास्त्राच्या दाराने. रा. भा. पाटणकर यांच्या ‘सौंदर्यमीमांसा’ (१९७४) आणि ‘कांटची सौंदर्यमीमांसा’ (१९७७) या ग्रंथांनी कांटला आपल्या चर्चेत कायमचे स्थान दिले. शरच्चंद्र मुक्तिबोधांच्या ‘सृष्टी, सौंदर्य आणि साहित्यमूल्य’ या ग्रंथाने मार्क्सवादी भूमिकेतून साहित्यमूल्याचा प्रश्न मांडला. पुढे परात्मता, पाया आणि इमला, संवाद आणि अर्थनिर्णयन या संकल्पना आपल्या नियतकालिकांतून रुळल्या. या सगळ्या देवघेवीत जर्मन विचारविश्वातील एक मोठा वाद मात्र उंबरठ्याबाहेरच राहिला. तो विधीविषयी, म्हणजे कायद्याच्या स्वरूपाविषयी, होता. वकिलांचा विषय म्हणून साहित्याच्या अभ्यासकांनी तो सोडून दिला असावा. वस्तुतः तो मुळातच भाषेचा वाद आहे : रूढीला हक्क म्हणायचे की नाही, आणि म्हणायचे तर ते कोणी म्हणायचे?

या वादाचे धागे चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन वनजिल्ह्यांशी जितके थेट जोडलेले आहेत, तितके कांटच्या अभिरुचिनिर्णयाचे धागे आपल्या कोणत्याही भूभागाशी जोडलेले नाहीत. हे विधान अतिशयोक्त वाटण्याचा संभव आहे. म्हणून आधी मूळ वाद पाहू.

इ. स. १८१४ मध्ये, नेपोलियनचा पाडाव होत असताना, हायडेलबर्गचा विधिज्ञ तिबो याने सर्व जर्मन राज्यांसाठी एकच नागरी संहिता असावी असे प्रतिपादन केले. त्याच वर्षी साव्हिन्यीने त्याला उत्तर दिले. भाषा जशी कोणी बसून तयार करीत नाही, तसाच कायदाही लोकसमूहाच्या जाणिवेतून मूकपणे घडत जातो. संहिता लादणे म्हणजे या घडणीत ढवळाढवळ करणे, हा त्याच्या उत्तराचा गाभा. विधीच्या ऐतिहासिक संप्रदायाचा हा जाहीरनामाच ठरला. हेगेलला ही भूमिका मान्य नव्हती. आपल्या विधितत्त्वज्ञानात (१८२०) त्याने असा आक्षेप घेतला की, सुसंस्कृत राष्ट्राला संहिता घडविण्याची पात्रता नाकारणे हा त्या राष्ट्राचा अपमान होय. जे केवळ रूढ आहे ते जाणिवेच्या पातळीवर आणून सर्वांना वाचता येईल अशा रूपात मांडणे, हे त्याच्या दृष्टीने विवेकाचेच कार्य होते.

साव्हिन्यीचा शिष्य याकोब ग्रिम याच्याकडे आपण फक्त परीकथांचा संग्राहक म्हणून पाहतो. पण त्याने आपल्या गुरूच्या नियतकालिकात ‘कायद्यातील काव्य’ या विषयावर एक दीर्घ निबंध लिहिला, आणि १८४० पासून तो गावोगावच्या रूढिनिर्णयांचे संग्रह प्रसिद्ध करू लागला. कोणत्या झाडाची फांदी कोणी तोडावी, डुकरे जंगलात कधी सोडावीत, असल्या गोष्टी गावसभेत म्हाताऱ्यांच्या तोंडून वदवून घेतल्या जात, त्यांची ही टिपणे. कायदा आणि काव्य एकाच अंथरुणातून उठले, अशी ग्रिमची धारणा होती. त्याच्या परीकथांतील लाकूडतोड्या गरीब का असतो, या प्रश्नाचे उत्तर या दुसऱ्या संग्रहाच्या शेजारी ठेवून शोधले तर अधिक बरे सापडेल. पण हा विषयांतराचा मोह येथेच आवरतो.

ऐतिहासिक संप्रदायाची खरी अडचण रूढीच्या गौरवात नव्हती. ती रूढीचा वाचक कोण, या प्रश्नात होती. पुख्ता या विधिज्ञाने रूढिविधीवरील आपल्या ग्रंथात (१८२८, १८३७) असे दाखवले की, रूढी स्वतः कायदा उत्पन्न करीत नाही. लोकसमूहाच्या अंतःस्थ विश्वासाचा ती केवळ पुरावा असते. हा पुरावा वाचण्याचे काम मग ओघानेच विधिज्ञाकडे आले. म्हणजे लोकांच्या नावाने सुरू झालेला सिद्धांत प्राध्यापकाच्या अभ्यासिकेत येऊन स्थिरावला. दुसरीकडे हेगेलचा शिष्य एदुआर्द गान्स आणि साव्हिन्यी यांच्यात कब्ज्याच्या स्वरूपावरून वाद जुंपला. साव्हिन्यीच्या मते कब्जा ही मूलतः एक वस्तुस्थिती. कायदा तिला मागाहून परिणाम चिकटवतो. गान्सच्या मते कब्जा हाच हक्काचा आरंभ. बर्लिनच्या विद्यापीठात १८३६-३७ च्या सुमारास या दोघांचीही व्याख्याने ऐकणारा एक विद्यार्थी होता. त्याचे नाव कार्ल मार्क्स.

ऱ्हाइन प्रांताची सहावी विधानसभा १८४१ मध्ये ड्यूसेलडॉर्फ येथे भरली. तिच्यापुढे लाकूडचोरीविषयीच्या कायद्याचा मसुदा होता. प्रश्न सरपणाचा होता. जंगलात पडलेल्या वाळक्या काटक्या गोळा करणे ही पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट. नव्या मसुद्याने तिला ‘चोरी’ ठरवले. प्रकरण किरकोळ नव्हते. प्रशियात १८३६ साली भरलेल्या दोन लाखांहून अधिक फौजदारी खटल्यांपैकी सुमारे दीड लाख खटले लाकूडचोरी आणि तत्सम वनगुन्ह्यांचे होते. सभेत शहरांच्या एका प्रतिनिधीने ‘चोरी’ या शब्दालाच हरकत घेतली. त्यावर सरदारवर्गाच्या प्रतिनिधीने उत्तर दिले की, या कृत्याला चोरी म्हटले जात नाही म्हणूनच तर ते इतके फोफावले आहे.

ऑक्टोबर १८४२ मध्ये कलोनच्या ‘राइनिशे त्साइटुंग’चे संपादकत्व हाती घेतल्यावर चोवीस वर्षांच्या मार्क्सने या चर्चेवर पाच हप्त्यांची लेखमाला लिहिली. २५ ऑक्टोबर ते ३ नोव्हेंबर या दिवसांत ती प्रसिद्ध झाली. आर्थिक प्रश्नांकडे वळण्याचा पहिला प्रसंग याच चर्चेने आणला, असे त्याने स्वतःच १८५९ मध्ये नमूद केले आहे. पुढचा मार्क्स माहीत असल्यामुळे आपण या लेखमालेकडे पूर्वरंग म्हणून पाहतो, आणि त्यामुळे तिचे वेगळेपण हरवते. येथे तो अर्थशास्त्रज्ञ नाही. तो संहितेचे विश्लेषण करणारा वाचक आहे. उभे हिरवे झाड तोडणे, तोडलेले लाकूड पळवणे आणि आपोआप गळून पडलेली फांदी उचलणे या तीन क्रिया एकाच शब्दाखाली कशा आणल्या जातात, हे तो दाखवतो. फांदी झाडापासून सुटली तेव्हा मालकीही तिच्यापासून सुटली. उचलणारा माणूस फक्त निसर्गाने आधीच दिलेला निकाल अंमलात आणतो. जेथे चोरी नाही तेथे चोरी हा शब्द वापरला की खऱ्या चोरीचाही अर्थ पातळ होतो, हा त्याचा युक्तिवाद. असल्या कायद्याने उद्या खुद्द मालकीच संशयास्पद ठरेल, असेही तो सुचवतो.

त्याच लेखमालेत साव्हिन्यीच्या संप्रदायाचे शस्त्र तो त्या संप्रदायावरच उलटवतो. सरदारांच्या रूढी या सामान्य कायद्याच्या विरोधात उभ्या असलेल्या सवलती आहेत, कारण त्यांचा आशयच इतरांना वगळण्याचा आहे; रूढी हक्काच्या पदवीला पोचते ती फक्त निर्धनांच्या बाबतीत. मध्ययुगातील मालकीची अनेक रूपे संदिग्ध, अर्धी खासगी, अर्धी सामाईक होती. नव्या कायद्याने रोमन विधीचे काटेकोर साचे लावून ही संदिग्धता मोडली, तेव्हा श्रीमंताचा अर्धा भाग पक्का झाला आणि गरिबाचा अर्धा भाग नाहीसा झाला. मठ बरखास्त झाले. मठांना भरपाई मिळाली. मठांवर जगणाऱ्या गरिबांना मिळाली नाही. येथे मार्क्स एकांगी बुद्धी आणि समग्र विवेक हा हेगेलचा भेद वापरतो, पण तो ज्याच्या बाजूने वापरतो ती बाजू हेगेलने कल्पिलेली नव्हती. एक तपशील तर मोहाच्या हंगामात पूर्व विदर्भ पाहिलेल्या कोणालाही थांबवील असा आहे. मुले जंगलातली बोरांसारखी रानफळे वेचीत. एका प्रतिनिधीने सभेला सांगितले की आमच्या भागात ही फळे आता व्यापाराचा माल झाली असून पिंपे भरभरून हॉलंडला जातात, तेव्हा ती वेचण्यावर मालकाचा मक्ता असावा. वस्तूला बाजारभाव येताच वेचणे गुन्हा होते.

याच १८४२ साली साव्हिन्यी प्रशियाचा विधिसुधारणा मंत्री झाला होता. रूढीचा सर्वांत मोठा तत्त्वज्ञ राज्याच्या कायदेखात्यात आणि रूढीचा सर्वांत तीव्र वकील संपादकाच्या खुर्चीत, असा हा विलक्षण योग होता. मार्क्सचे वृत्तपत्र पुढच्या मार्चमध्ये बंद पडले.

आता बॉनकडे वळू. मार्क्स १८३५-३६ मध्ये बॉनला शिकत होता तेव्हा तेथे क्रिस्तियान ऑगुस्ट ब्रँडिस हा तत्त्वज्ञानाच्या इतिहासाचा प्राध्यापक होता. अ‍ॅरिस्टॉटलच्या संहितांचा संपादक म्हणून त्याची कीर्ती होती. त्याचा मुलगा डिट्रिश ब्रँडिस (१८२४-१९०७) वनस्पतिशास्त्रज्ञ झाला, १८५६ मध्ये ब्रह्मदेशातील पेगूच्या सागवान जंगलांवर अधिकारी म्हणून आला आणि १८६४ मध्ये हिंदुस्थानचा पहिला वनमहानिरीक्षक बनला. त्याच्यामागून श्लिख आणि रिबेनट्रॉप हे आणखी दोन जर्मन याच पदावर आले. म्हणजे १८६४ पासून १९०० पर्यंत इंग्रजी राज्याचे जंगल जर्मन वनशास्त्राच्या परिभाषेत विचारात घेतले जात होते. येथे पिता-पुत्रांच्या नात्यावरून काही सिद्ध होते असे मला म्हणायचे नाही. एवढेच की ज्या प्रांताने लाकूडचोरीचा कायदा पाहिला, त्याच प्रांतातला माणूस आपल्या जंगलांचा कायदा घडवायला बसला, आणि गावाची सामाईक वने कशी असतात हे त्याला पुस्तकाबाहेरही माहीत होते.

१८७८ च्या वनकायद्यापूर्वी जो वाद झाला त्यात हे ज्ञान उमटलेले दिसते. पंजाबातील सनदी अधिकारी बेडन-पॉवेल याचे म्हणणे असे की, पौर्वात्य रूढीनुसार पडीक जमीन राजाची. लोक जंगलात जे करीत आले ते राजाने हटकले नाही म्हणून करीत आले. तेव्हा तो हक्क नव्हे, ती सवलत. मद्रासच्या महसूल अधिकाऱ्यांनी याला विरोध केला. ब्रँडिसची भूमिका मधली होती : महत्त्वाची जंगले सरकारने राखावीत, पण वहिवाटीचे हक्क नोंदवावेत आणि गावांसाठी स्वतंत्र वने ठेवावीत. कायदा झाला तो बहुतांशी बेडन-पॉवेलच्या वळणाचा. ग्रामवनांचे प्रकरण कायद्यात राहिले, व्यवहारात अपवादानेच उतरले. गान्स आणि साव्हिन्यी यांचा कब्ज्यावरील वाद येथे वेगळ्या वेषात पुन्हा उभा राहिलेला दिसेल. जंगलाचा वापर ही वस्तुस्थिती की हक्क? कायद्याने उत्तर दिले : वस्तुस्थिती, आणि तीही आमच्या मेहेरबानीने. १९२७ च्या कायद्यातील दहावे कलम पाहावे. फिरती शेती ही सर्व बाबतींत नियंत्रण, निर्बंध आणि उच्चाटन यांस पात्र असलेली सवलत मानण्यात येईल, असे ते सांगते. ‘मानण्यात येईल’ या क्रियापदात एक संपूर्ण विधितत्त्वज्ञान सामावले आहे.

नागपूरचे राज्य १८५३-५४ मध्ये खालसा झाल्यावर चांदा जिल्हा इंग्रजांकडे आला. १८५८ मध्ये बाबूराव शेडमाके यांना चांद्याला फाशी झाली, आणि त्यानंतरच्या दोन दशकांत जमीनमोजणी, मालगुजारी आणि वनांची आखणी या तिन्ही गोष्टी एकामागोमाग आल्या. अहेरीसारख्या जमीनदाऱ्यांत जंगल जमीनदाराकडे राहिले, इतरत्र ते सरकारी झाले. वन राखीव करताना हक्कांचे दावे मागवण्यासाठी किमान तीन महिन्यांची मुदत आणि ‘स्थानिक भाषेतील’ जाहीरनामा कायद्याने आवश्यक ठरवला आहे. चांद्याच्या जंगलात स्थानिक भाषा म्हणजे कोणती? कचेरीत मराठी होती, सिरोंच्याकडे तेलुगू. ज्यांची वहिवाट पणाला लागली होती ते गोंडी आणि माडिया बोलत होते. पुख्ताच्या सिद्धांतात रूढी वाचणारा निदान त्याच भाषेतला विधिज्ञ होता.

तरीही या कारभारात एक शब्द टिकून राहिला, आणि तो पूर्व विदर्भाबाहेरच्या मराठी वाचकाला बहुधा अपरिचित असेल : निस्तार. गावाला सरपण, बांबू, कुंपणाचे काटे, चराई, घरबांधणीचे लाकूड जंगलातून मिळण्याची जी व्यवस्था, ती निस्तार. मध्य प्रांतातील गावांच्या वाजिब-उल-अर्जमध्ये तिची नोंद असे. १९५० च्या कायद्याने मालगुजारी आणि जमीनदारी संपल्यावर निस्तारपत्रके झाली. संस्कृतात निस्तार म्हणजे पार होणे, सुटका. मराठीत ‘निस्तरणे’ हे क्रियापद आपण अंगावर आलेले काम पार पाडण्यासाठी वापरतो. वर्ष पार करण्यासाठी जंगलाकडून जे लागते ते निस्तार, इतका तो शब्द रोजच्या जगण्याला लागून आहे. हक्क आणि सवलत या कचेरीच्या जोडीत तो नीट बसत नाही. मार्क्सने ज्याला मालकीचे संदिग्ध रूप म्हटले त्याचेच हे आपल्याकडचे नाव. ‘वहिवाट’ या शब्दाचेही तसेच. त्याची व्युत्पत्ती काहीही असो, त्यात वाट ऐकू येते. हायडेगरने आपल्या १९५० च्या निबंधसंग्रहाला जंगलात लाकूडतोडीसाठी पडलेल्या आणि मध्येच संपणाऱ्या वाटांचे नाव दिले. त्या वाटांनी मोळी घेऊन कोण जाते, हे मात्र त्याने विचारले नाही. जर्मन तत्त्वज्ञानात जंगल पुष्कळ आहे, सरपण वेचणारी बाई फार क्वचित.

वादाचा दुसरा अंक सामूहिकतेविषयी होता. माउररने १८५४ पासून प्राचीन जर्मन ग्रामसमूहाच्या सामाईक मालकीचा इतिहास मांडला. १८६८ मध्ये तो वाचून मार्क्स उत्साहित झाला. हेन्री मेनने १८७१ मध्ये हाच धागा हिंदुस्थानच्या गावापर्यंत आणला. त्याला १८९६ मध्ये विस्ताराने खोडून काढले ते याच बेडन-पॉवेलने : हिंदुस्थानातील बहुसंख्य गावांत सामाईक मालकी नव्हतीच, असे त्याने प्रतिपादले. पंजाब आणि मद्रास यांतील गावरचनांचे त्याचे वर्णन मेनपेक्षा पुष्कळ काटेकोर आहे हे मान्य करावे लागते. पण जंगल राजाचे ठरवणारा आणि गाव सामाईक नाही असे ठरवणारा एकच असावा, यात त्याच्या दोन्ही सिद्धांतांचा परस्परसंबंध दिसतो.

दरम्यान जर्मनीत ओटो फॉन गीर्केने १८६८ पासून संघविधीचा आपला प्रचंड ग्रंथ प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. साव्हिन्यीच्या मते समूहाला कायदेशीर व्यक्तित्व असते ते केवळ कल्पित. राज्य ते देते आणि राज्य ते काढूनही घेते. गीर्केच्या मते समूह ही वास्तव व्यक्ती आहे. कायदा तिला निर्माण करीत नाही, ओळखतो. ही चर्चा विद्यापीठीय वाटेल. गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यात ती तशी राहिली नाही.

मेंढा (लेखा) हे गोंड वस्तीचे छोटे गाव. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्याची घोषणा महाराष्ट्राला परिचित आहे. १९८० च्या दशकातील ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलनाच्या वातावरणात देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या सहभागाने तेथे ग्रामसभेची एक पद्धत घडत गेली : निर्णय बहुमताने नव्हे तर सर्वसहमतीने घ्यायचा, आणि निर्णयाआधी विषय समजून घेण्यासाठी वेगळा अभ्यासगट चालवायचा. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये या गावाला सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. देशात असा हक्क प्रथम मिळालेल्या गावांत त्याची गणना होते.

हक्क मिळाल्यावर खरा वाद सुरू झाला, आणि तो १८४२ च्या वादासारखाच एका शब्दावर आला. गावाला बांबू विकायचा होता. वनहक्क कायदा बांबूला गौण वनोपजात धरतो. १९२७ चा वनकायदा ‘वृक्ष’ या संज्ञेत ताड, बुंधे, झुडपे आणि वेत यांच्याबरोबर बांबूचाही समावेश करतो. आणि वृक्ष म्हटले की लाकूड आले, लाकूड म्हटले की वाहतुकीचा परवाना वनखात्याचा. वनस्पतिशास्त्रात बांबू हे गवत आहे हे सर्वांनाच ठाऊक होते. कायद्याने केलेला हा आरोप होता, काव्यशास्त्राच्या परिभाषेत सांगायचे तर एक लक्षणा, आणि तिचे प्रयोजन महसूल हे होते. ‘गौण’ हा शब्दही पाहण्यासारखा आहे. मोह, तेंदूपत्ता, बांबू, चारोळी यांवर ज्याचे वर्ष निघते त्याच्या दृष्टीने गौण काय आणि मुख्य काय? २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी मेंढ्यात येऊन वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. २०१२ च्या सुधारित नियमांनी हा अधिकार सर्वत्र ग्रामसभेच्या समितीकडे आणला. वनकायद्यातील ‘वृक्ष’ या व्याख्येतून बांबू वगळला गेला तो २०१७ च्या दुरुस्तीने. बल्लारपूरच्या कारखान्याचा कागद या जिल्ह्यांच्या बांबूवर उभा राहिला. तेव्हा बांबूला काय म्हणायचे हा प्रश्न मराठी छापील शब्दालाही अगदीच परका नाही.

मेंढ्याची सर्वसहमती पाहून हाबरमासची आठवण होणे स्वाभाविक आहे. दबावरहित संवादातून सिद्ध होणारा निर्णयच वैध, हे त्याचे प्रतिपादन जणू येथे मूर्त झाले आहे, असे म्हणण्याचा मोह होतो. तो मोह टाळावा असे मला वाटते. एका गोंड गावाने स्वतःच्या गरजेतून शोधलेली पद्धत फ्रँकफर्टच्या सिद्धांताचे उदाहरण म्हणून वाचणे म्हणजे पुन्हा एकदा रूढीचा पुरावा विधिज्ञाच्या हाती देणे होय. गादामर आणि हाबरमास यांच्यात १९६७ पासून परंपरेच्या अधिकारावरून जो वाद झाला, तो मात्र येथे उपयोगी पडतो. परंपरा आपल्याला घडवते म्हणून तिचा अधिकार मान्य करावा, असे गादामर म्हणतो. परंपरेत दडपणूकही मुरलेली असते, ती चिकित्सेनेच उघडी पडते, असे हाबरमास. मेंढ्याने वहिवाटीचा दावा केला तो पूर्वजांच्या नावाने, पण निर्णयप्रक्रियेत स्त्रियांना आणले ते पूर्वजांच्या नावाने नव्हे. म्हणजे एकाच ग्रामसभेने परंपरेला एका ठिकाणी प्रमाण मानले आणि दुसऱ्या ठिकाणी तपासले. या दोन्ही क्रिया एकत्र कशा नांदतात याचा उलगडा गादामर-हाबरमास वादात होत नाही.

गीर्केचा प्रश्न तर पुरता सुटलेलाच नाही. मेंढ्याने २०१३ मध्ये ग्रामदानाचा स्वीकार करून खासगी शेतजमिनीही ग्रामसभेच्या नावे करण्याचा निर्णय घेतला. समूह ही वास्तव व्यक्ती आहे असे मानणारे गाव याहून स्पष्टपणे काय बोलणार? पण वनहक्काच्या नियमांनुसार ग्रामसभेने जंगलाच्या संवर्धनाचा आणि व्यवस्थापनाचा आराखडा करायचा असतो, आणि तो वनखात्याच्या कार्य आयोजनेशी जोडला जाणे अपेक्षित असते. कार्य आयोजना ही चीज ब्रँडिस, श्लिख आणि रिबेनट्रॉप यांनी जर्मन वनशास्त्रातून येथे आणली : जंगलाचे खंड पाडायचे, प्रत्येक खंडाची वाढ मोजायची, तोडीचे चक्र ठरवायचे. निस्ताराला या तक्त्यात स्वतंत्र रकाना नाही. चंद्रपूर-गडचिरोलीच्या ग्रामसभा आज जेव्हा आपले आराखडे लिहितात, तेव्हा तो रकाना कोठे आखायचा हे त्यांना दर वेळी नव्याने ठरवावे लागते.